सोन्याची कुऱ्हाड



'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वऱ्हाडात सुबत्ता एवढी, की लाकूड फोडायची कुऱ्हाडही सोन्याची, असा तिचा सरळ अर्थ. पिढ्यान् पिढ्या ती अभिमानाने सांगितली गेली. परंतु अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला आज ती ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड फुटत नाही, हा त्यातला पहिला भाग. आणि स्वतःच्या पायावर पडली, तर ती लोखंडाच्या कुऱ्हाडीइतकीच लागते, हा दुसरा.

निसर्गाने दिलेली संपत्ती देशाला तारते की मारते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत या प्रश्नाची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. १९५९ साली नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूच्या निर्यातीने चलन महागले आणि त्या देशाचे जुने कारखाने परदेशी बाजारात मागे पडू लागले. १९७७ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाने या दुखण्याला 'डच रोग' असे नाव दिले. पुढे १९९३ मध्ये रिचर्ड ऑटी या अभ्यासकाने 'साधनसंपत्तीचा शाप' हा शब्दप्रयोग रूढ केला. नायजेरियात १९५६ साली तेल सापडले. देशाच्या तिजोरीत पैसा आला, आणि ज्या नायजर नदीच्या मुखाजवळ ते तेल निघाले तेथील मासेमार तेलाने माखलेल्या पाण्याकडे पाहत राहिला. नॉर्वेला १९६९ साली तेल मिळाले. त्याने त्या पैशाचा वेगळा निधी केला आणि मूळ भांडवलाला शक्यतो हात लावायचा नाही, हा नियम पाळला. तेल दोन्हीकडे तेलच होते.

तथापि हा प्रश्न समजून घेण्यासाठी नायजेरियाला जाण्याचे कारण नाही. अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीत बसले, तरी पुरते.

उत्तरेला गाविलगडाचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णेचे खोरे. या सखल पट्ट्याला जुन्या काळी पयानघाट म्हणत. ज्वालामुखीच्या खडकाची युगानुयुगे झीज होऊन येथे काळी, कसदार माती साचली. ती ओल धरून ठेवते. आषाढ-श्रावणात पिऊन घेतलेले पाणी ती कपाशीला कार्तिकापर्यंत पुरवते. पऱ्हाटी बोंडांनी लवते, पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा होते, आणि मग घराच्या ओसरीवर पांढरा ढीग लागतो. सोन्याची खाण ती हीच. फरक एवढाच, की खाणीतले सोने एकदा काढले की संपते. ही खाण दरवर्षी नव्याने भरते.

अशा भूमीकडे कोणाची दृष्टी वळणार नाही? हैदराबादच्या निजामाने पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेल्या 'कंटिंजंट' फौजेचा खर्च थकला. त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतले. त्याच तहाने धाराशिव आणि रायचूर दुआबही घेतले होते. १८६० साली नवा करार झाला, तेव्हा धाराशिव आणि रायचूर परत देण्यात आले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. कर्ज वसूल करणाऱ्याला तारणातली कोणती वस्तू सोडवत नव्हती, हे यावरून कळते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. मालक हैदराबादेत, पट्टेदार लंडनमध्ये, आणि वखर-डवरा हाकणारा बाळापूर-दर्यापुरात! १८५३ असो की १९०२, वऱ्हाडी माणसाला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ मध्येच कापूस पुरवठ्यासाठी स्वतःची संघटना उभारली होती. अमेरिकेतील गुलामांच्या कापसावर विसंबणे धोक्याचे आहे, हे त्यांना कळत होते. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. मग वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला, तो तिपटीच्याही पुढे गेला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे जुने लोक सांगत आले. खरे-खोटे देव जाणे, परंतु अशी कथा रचावीशी वाटली, यातच त्या चार वर्षांची झिंग दिसते. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. आपल्या उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, ते साहेबी रूप.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, पेढ्या बुडाल्या, त्याची वर्णने पुष्कळ आहेत. वऱ्हाडातल्या बुडण्याचे वर्णन करायला फारसे कोणी नव्हते. इंग्रजांच्या नव्या पाहणीने शेतकऱ्याला जमिनीचा खातेदार केले होते. हे वरकरणी चांगलेच. पण खातेदार झाल्यामुळे जमीन गहाण टाकता येऊ लागली, आणि तेजीच्या काळात सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. भाव पडल्यावर कर्ज उरले.

येथे आपल्या माणसांचाही दोष सांगितला पाहिजे. तेजीच्या हव्यासात गठाणीत पाणी, माती, सरकी मिसळण्याचा धंदा इतका बोकाळला, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. हिंदुस्थानी कापूस म्हणजे कचऱ्याचा कापूस, हा शिक्का पुढे कित्येक दशके पुसला गेला नाही. परकीयांना दूषण देताना आपल्या व्यापाऱ्यांनी भिजवलेल्या त्या गठाणी विसरून चालणार नाही.

भाव पडले, तरी कापूस बाहेर नेणारी यंत्रणा आखडली नाही, उलट वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. बुलढाणा जिल्ह्यातील एका कापसाच्या पेठेसाठी व्हाइसरॉय येतो, हे विचार करण्यासारखे आहे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले; घरोघरी चालणारा रेचा अडगळीत गेला. त्याच रुळांवरून परतणाऱ्या डब्यांतून मँचेस्टरचे कापड आले आणि गावच्या विणकराचा माग थांबला. पुढे मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळपर्यंत नॅरोगेजचा रूळ पडला. तीच आपली लाडकी 'शकुंतला'. किलिक-निक्सन या विलायती पेढीने उभारलेली ती गाडी कापसासाठी होती. माणसे तीत बसू लागली, हा तिचा जोडधंदा. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तो मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला होता.

या संपत्तीने वऱ्हाडला काहीच दिले नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. अकोला, खामगाव, अमरावती ही शहरे कापसाच्या पैशावर वाढली. शाळा, वाचनालये, नाट्यगृहे, वृत्तपत्रे निघाली. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते, आणि त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत ते उगीच नव्हे. लोकमान्यांच्या राष्ट्रकार्याला वऱ्हाडने जे बळ दिले, त्यामागे या काळ्या मातीचाही वाटा होता. पण तो पैसा शहराच्या वेशीपाशी अडत होता. पूर्वी पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून अमरावतीभोवती परकोट बांधला गेला. पेंढारी गेले, तरी आतले आणि बाहेरचे हा भेद तसाच राहिला.

त्याचा हिशेब अधिवेशनानंतर दोन वर्षांतच समोर आला. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, 'छप्पन्या' दुष्काळ. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. ज्या दहा वर्षांत ती वाढायला हवी होती, त्या दहा वर्षांत जवळजवळ १ लाख ४३ हजारांनी घटली. आणि हे हिंदुस्थानातल्या एखाद्या ओसाड मुलखात नव्हे, साम्राज्याच्या अत्यंत कसदार जमिनीवर घडले. ज्वारीची कित्येक रानेही कपाशीखाली गेली होती. पेवांत धान्य साठवण्याची जुनी रीत मोडत चालली होती. हातात रोकड असली की धान्य बाजारातून मिळते, हा नवा विश्वास होता. दुष्काळात धान्याचा भाव चढला आणि मजुराच्या हातातली रोकड कधीच संपलेली होती. स्टेशनवर मात्र गाड्या वेळेवर सुटत होत्या.

सुबत्तेने आणखी एक हानी केली आणि ती अधिक खोल आहे. काळी जमीन स्वतःच ओल धरते, तेव्हा येथे कालव्यांची गरज काय, ही समजूत राज्यकर्त्यांत पक्की झाली. पाटबंधाऱ्यावर एक पैसा न घालता महसूल तिजोरीत पडत असेल, तर कोण कशाला धरण बांधील? पंजाबात कालवे झाले, गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी झाले. वऱ्हाड कोरडवाहू राहिले. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते. पिकाला देता येत नाही, पिता येत नाही. वरून काळे सोने आणि खाली मीठ! या पट्ट्याला वरच्या पाण्याची सोय सर्वांत आधी हवी होती. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष मोजून दाखवला, तेव्हा स्वराज्याला ३७ वर्षे झाली होती. २०१८ पासून नानाजी देशमुखांच्या नावाने सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावे मुद्दाम घेतली गेली. शेततळी, बांधबंदिस्ती यांची कामे त्यातून झाली. चांगली गोष्ट आहे, पण शतकभर उशिराची.

याच कापसाचे दुसरे काही होऊ शकत होते का? होऊ शकत होते, आणि एका माणसाने ते करून दाखवले. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी काढायची तर मुंबईत, असा त्या वेळचा शहाणपणा होता. जमशेटजींनी कापूस जेथे पिकतो तेथे गिरणी नेली. बडनेरा, अकोला, पुलगाव, अचलपूर येथे कालांतराने गिरण्या झाल्या. सरकारला हे रुचले नाही. मँचेस्टरच्या दडपणाखाली १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवण्यात आला. स्वदेशात स्वदेशी कापडावर दंड! तो उठायला १९२५ साल उजाडले. तो कर सोसूनही एम्प्रेस मिल चालली. ती बंद झाली २००२ मध्ये, स्वतंत्र भारतात, सरकारी महामंडळाच्या ताब्यात असताना. अकोल्यातली सावतराम मिलही थंडावली. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

याचा दोष डलहौसीवर घालता येत नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. हेतू शुद्ध होता. अडत्या-दलालांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवायचे होते, आणि आरंभीच्या काही वर्षांत त्याला आधारही मिळाला. परंतु एकच ग्राहक, तोही सरकारी, म्हटल्यावर जे व्हायचे ते झाले. प्रतवारीत खाबूगिरी शिरली. बाहेर भाव चढला की कापूस चोरवाटेने मध्य प्रदेशात जाई. बाहेर पडला की परराज्याचा कापूस येथील केंद्रांवर येई. चुकाऱ्यांसाठी शेतकरी महिनोन् महिने खेटे घालत असे, आणि तेवढ्या काळात सावकाराचे व्याज चढे. पणन महासंघाचा तोटा फुगत गेला. २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. सहकारी सूतगिरण्यांची कथा तर याहून उदास आहे. भागभांडवल शासनाचे, कर्ज बँकेचे, संचालकपद घरचे, अशा कित्येक गिरण्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि चात्या मात्र फिरल्या नाहीत. लुटणारा परका असला की ओळखू येतो. आपला असला की हारतुरे घेऊन येतो.

२००२ हेच बीटी कपाशीला मान्यता मिळाल्याचे वर्ष. हिरव्या बोंडअळीपासून काही वर्षे सुटका झाली, उत्पादन वाढले, हे मान्य केले पाहिजे. पण भारतात ते तंत्र संकरित वाणांत आले. संकरित वाणाचे बी घरी राखता येत नाही; दर मृगाला पाकीट विकतच घ्यावे लागते. घरची सरकी निवडून पेरणारा कास्तकार बियाण्याच्या दुकानाचा गिऱ्हाईक झाला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने ही कपाशी पोखरली, आणि त्याच वर्षी यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसे मेली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'रजत'सारखे वाण दिले होते, कमी पाण्यात तग धरणाऱ्या देशी कपाशीवरही तेथे काम झाले. बीटीच्या झंझावातात ते मागे पडले. स्वदेशी याचा अर्थ केवळ विदेशी साबण न घेणे एवढाच नसतो. पेरण्याचे बी कोणाच्या घरात आहे, हाही त्यातलाच प्रश्न आहे.

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. सोन्याच्या कुऱ्हाडीचा अवघा मुलूख त्या यादीत होता, आणि यादी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांत स्वामी आणि अमात्य आधी येतात. जनपद आणि दुर्ग त्यानंतर, आणि कोश पाचवा. हा क्रम सहज लागलेला नाही. राज्य चालवणारे नीट नसतील, तर भरलेला कोश राज्याला वाचवीत नाही. बोट्स्वानात १९६७ मध्ये हिऱ्यांची मोठी खाण सापडली. आदल्याच वर्षी स्वतंत्र झालेला तो दरिद्री देश. त्याने परदेशी कंपनीशी घासाघीस करून कालांतराने निम्मी मालकी मिळवली आणि त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे केले. आफ्रिकेतील दुसऱ्या कित्येक देशांत त्याच हिऱ्यांनी बंडखोरांच्या बंदुका विकत घेतल्या.

आता एक साधा हिशेब. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. उरते ती बहुतांश सरकी, जिचे तेल आणि ढेप होते. ३४ किलो रुईतून नासधूस वजा जाता शंभराहून अधिक सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे सरकी फुकट धरली, तरी एका सदऱ्यामागे कास्तकाराला मिळतात फार तर ८० रुपये, त्यातच बी, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आली. तो सदरा शहरातल्या दुकानात केवढ्याला मिळतो, ते येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मधल्या रकमेत सूत, विणाई, रंगाई, शिवण, वाहतूक, दुकान हे सारे येते. त्यातील बहुतेक कामे, आणि त्या कामांचे रोजगार, वऱ्हाडच्या बाहेर आहेत.

तराजूही दूरच आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क उठवले, आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर जबर कर लादल्यामुळे गिरण्या आणि कपडे-उद्योग अडचणीत होते, ही अडचण खोटी नव्हती. परंतु सूट नेमकी वेचणीच्या दिवसांत पडली. गिरणीची कळ दिल्लीला लगेच कळते, कारण गिरणीवाल्यांची संघटना दिल्लीत आहे. पऱ्हाटीची कळ पोहोचायला उलंगवाडी होते.

२० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी वर्ध्याच्या कार्यक्रमातून अमरावतीच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यान प्रकल्पाची कोनशिला बसवली. नांदगाव पेठच्या परिसरात सुमारे १,००० एकरांवर ते उद्यान व्हायचे आहे. शेतापासून परदेशी बाजारापर्यंतची सारी साखळी एके ठिकाणी आणण्याचा विचार त्यामागे आहे. जमशेटजींनी जे १८७७ मध्ये केले, तेच हे मोठ्या प्रमाणावर. वऱ्हाडने त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे, आणि स्वागत करताना काही प्रश्नही विचारले पाहिजेत. तेथील गिरणी रुई कोठून घेणार, दर्यापूर-अकोटच्या जिनिंगमधून की बंदरावर उतरलेली? शेतकऱ्याचा कापूस नुसत्या वजनावर जाणार, की रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी त्याच्या डोळ्यांसमोर मोजून त्याप्रमाणे भाव मिळणार? शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना त्या उद्यानात गाळा मिळेल काय? तेथे लागणारे कारागीर शिकवण्याची सोय अचलपूर-अंजनगावात केव्हा होणार? आणि रंगाईला जे पाणी लागेल, ते खारपाणपट्ट्याच्या वाट्यातून तर जाणार नाही ना?

हे प्रश्न मंत्र्यांना विचारायचे आहेतच, पण त्याआधी बाजार समितीच्या निवडणुकीत आणि सूतगिरणीच्या वार्षिक सभेत विचारायचे आहेत. तेथे फलाहाराची पाकिटे वाटली जातात, अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर होतो, आणि सभासद दुपारच्या एसटीने गावाला परततो.